वडील बेशुद्ध आहेत आणि ३१ जुलै तोंडावर आली आहे: रिटर्न कोणी आणि कसं भरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. जूनच्या मध्यात मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून आयसीयूत आहेत, डोळे उघडतात पण कुणाला ओळखत नाहीत. वर्षाचं पेन्शन ८,४०,०००, एकाच बँकेतल्या एफडीचं व्याज २,६०,०००, त्यावर बँकेनं २६,००० टीडीएस कापलेला. मार्चमध्ये इक्विटी फंडाची काही युनिट्स विकली, त्यात १,४०,००० तोटा. आयकर पोर्टलचा पासवर्ड मुलीला माहीत आहे, वडिलांचा फोन तिच्याच पर्समध्ये आहे. ओळखीचे सीए म्हणतात, "ओटीपी टाका आणि मोकळे व्हा." दुबईतला भाऊ म्हणतो, दोन वर्षांपूर्वी बाबांनी फ्लॅट विकताना माझ्या नावानं कुलमुखत्यारपत्र केलं होतं, ते वापरू. आयकर रिटर्नची मुदत ३१ जुलै. आता काय करायचं?

ताई, आधी तारखेची धास्ती थोडी बाजूला ठेवा. तुम्ही आत्ता रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून हे विचारताय याची मला कल्पना आहे, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: ओटीपी टाकू नका. आणि भावाचं मुखत्यारपत्रही इथे चालणार नाही. दोन्हींची कारणं सांगतो आणि मार्गही सांगतो.

अशा प्रत्येक घरात माझा पहिला प्रश्न एकच असतो. पेशंटला कळतंय का? हात हलतो का, सही येते का, हे नंतर. कळतंय का? कायद्याच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. आयकर कायद्याच्या कलम १४० मध्ये रिटर्नची पडताळणी कोणी करायची ते लिहिलेलं आहे. नेहमी ती करदात्यानंच करायची. तो मानसिकदृष्ट्या स्वतःचे व्यवहार पाहण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या पालकानं किंवा त्याच्या वतीनं वागण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीनं. आणि इतर काही कारणानं त्याला पडताळणी करता येत नसेल, तर त्यानं स्वतः अधिकार दिलेल्या मुखत्यारानं. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला असला तरी तुमच्या हातातलं रिटर्न २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचं आहे, त्याला १९६१ चाच कायदा लागतो. कलमांचे आकडे त्यातलेच देतोय.)

म्हणजे ज्याला कळतंय पण उठता येत नाही, त्याचा प्रश्न सोपा. माझ्याकडचे एक आजोबा खुब्याचं हाड मोडून पडले होते, नाकात नळी, हाताला सलाइन. मी त्यांच्या मुलाला सांगितलं, रिटर्नमधले आकडे त्यांना वाचून दाखवा. मुलानं वाचले. आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं, "पतसंस्थेचं व्याज कुठं धरलंय?" ते खरोखरच राहिलं होतं. मग दुरुस्ती झाली, त्यांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांना विचारून मुलानं टाइप केला. यात काहीही गैर नाही. टाइप कुणी केलं हे गौण, होकार कुणाचा होता हे महत्त्वाचं. शिवाय रिटर्न अपलोड केल्यापासून पडताळणीला ३० दिवस मिळतात आणि त्या मुदतीत ती झाली तर अपलोडची तारीखच दाखल तारीख धरली जाते. त्यामुळे शुद्धीवर असलेल्या पेशंटच्या घरात ३१ जुलैला धावपळ करायचं कारण उरत नाही.

तुमचे वडील त्या गटात नाहीत. आणि म्हणूनच तो ओटीपी टाकायचा नाही.

रिटर्नच्या शेवटच्या पानावरची पडताळणी एकदा नीट वाचा, सहसा कुणी वाचत नाही. तिथे वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मग प्रतिज्ञेवर केलेलं कथन की दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, आणि हे रिटर्न मी अमुक नात्यानं भरत आहे. त्या 'अमुक'च्या जागी 'सेल्फ' येतं. ओटीपी टाकला की त्या दिवशी, त्या मिनिटाला वडिलांनी ही प्रतिज्ञा केली अशी सरकार दरबारी नोंद होते. आणि त्या मिनिटाला ते आयसीयूत असतात, कुणाला ओळखतही नसतात.

खोट्या पडताळणीसाठी कलम २७७ आहे, त्यात फौजदारी खटल्याची तरतूद आहे. रिफंड येणं असलेल्या पेन्शनरच्या मुलीवर कुणी खटला भरेल असं सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही. माझी काळजी वेगळी आहे. वडिलांची तब्येत लांबली तर एफडी मोडायला, फंड विकायला, कदाचित घराच्या कागदांसाठी तुम्हाला कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागेल. त्या अर्जात तुम्ही लिहाल की जूनच्या मध्यापासून वडिलांना काहीही उमगत नाही. आणि आयकर खात्याच्या नोंदीत असेल की जुलैच्या शेवटी त्यांनी स्वतः रिटर्न तपासून पडताळलं. घरात सगळे एकदिलानं असतील तर हे कुणी उकरणार नाही. पण चुलत्यांचा जमिनीचा वाद असेल, किंवा उद्या भावाभावांत फाटलं, तर समोरचा वकील पहिला कागद हाच काढतो: शुद्ध नव्हती म्हणता, मग रिटर्न कुणी भरलं? आणि याच बोटानं आणखी कशाकशावर ओटीपी टाकलेत? उशिराची पाच हजारांची फी वाचवायला केलेली गोष्ट लाखांच्या दाव्यात आडवी येते. सीएंचा सल्ला सोयीचा आहे, वाईट हेतूनं दिलेला नाही, पण मी तो देत नाही.

आता मुखत्यारपत्र. खूप घरांत हा समज पक्का असतो की एकदा पॉवर ऑफ ॲटर्नी केली की वडिलांच्या आजारपणात ती कामाला येते. नेमकं उलटं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ सांगतं की अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तर मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत पेशंटचं भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडते त्याच दिवशी तो निकामी होतो. आणि तुमच्या भावाचं पत्र फक्त फ्लॅटच्या व्यवहारापुरतं असेल, तर ते त्या विक्रीबरोबरच संपलं.

मग उरतो मार्ग कलम १४० मधला दुसरा: पालक किंवा वतीनं वागण्यास सक्षम व्यक्ती. पोर्टलवर त्याला 'रिप्रेझेंटेटिव्ह असेसी' म्हणतात, म्हणजे प्रतिनिधी करदाता. (कलम १६० मध्ये अशा माणसांसाठी वापरलेले इंग्रजी शब्द जुने आणि मनाला लागणारे आहेत. ते वाचून खचू नका.) हा अर्ज वडिलांच्या लॉगिनमधून नाही, तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून करायचा. 'ऑथराइज्ड पार्टनर्स' या भागात 'रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह' असा पर्याय आहे. तिथे वडिलांचं पॅन, तुमचं पॅन आणि तुम्ही कोणत्या अधिकारानं हे करताय त्याचे कागद जोडायचे. खात्यानं मंजुरी दिली की तुमच्याच लॉगिनमधून वडिलांच्या खात्यावर जाता येतं, रिटर्न त्यांच्या पॅनवर भरलं जातं आणि पडताळणी तुमच्या नावानं, तुमच्या आधारच्या ओटीपीनं होते. मंजुरीला वेळ लागतो. म्हणून अर्ज आज करा, २५ जुलैला नाही.

कागदांत सगळ्यात वजन डॉक्टरांच्या दाखल्याला. तो नुसता 'अमुक आजारानं दाखल आहेत' असा घेऊ नका, तो इथे उपयोगाचा नाही. न्यूरोलॉजिस्टकडून रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्या. त्यात निदान हवं, कोणत्या तारखेपासून ही अवस्था आहे ती तारीख हवी, आणि एक वाक्य हवंच: 'सदर रुग्ण स्वतःचे आर्थिक व्यवहार समजून घेण्यास व हाताळण्यास असमर्थ आहेत.' खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. डॉक्टर घाईत असतात, म्हणून मजकूर टाइप करून सोबत न्या आणि त्यांना वाचून बदल करू द्या. तीन-चार मूळ प्रती सही करून घ्या. बँक, पेन्शनचं ऑफिस, विमा, फंड हाउस, सगळे मूळ प्रत मागतात.

दुसरा कागद म्हणजे आई आणि भावंडांचं संमतीपत्र, की या कामासाठी प्रतिनिधी म्हणून तुम्ही काम करावं याला आमची हरकत नाही. कायद्यात याची सक्ती नाही, पण मी ते आग्रहानं करून घेतो. प्रतिनिधी म्हणून आईचं नाव द्यायचं की तुमचं, हे आत्ताच एकदा बसून ठरवा. पुढे कोर्टात पालक म्हणून जिचं नाव द्यायचं तिचंच नाव इथे असू द्या.

आता अवघड भाग. कोर्टाचा आदेश लागतोच का? कलमाचे शब्द पाहिले तर पालक 'किंवा' सक्षम व्यक्ती असं आहे, म्हणून दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून अर्ज करण्यात काहीच चूक नाही, तो कराच. पण मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानं आदेश मागितला तर हातात काही नसतं, कारण आपल्या कायद्यात इथे मोठं भगदाड आहे. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची सोय होती. २०१७ चा नवा कायदा आला, त्यात उपचारांबाबत निर्णय घ्यायला प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी असलेली स्थानिक समिती पालक नेमते, पण फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. पक्षाघातानं कोमात गेलेला माणूस किंवा डिमेन्शिया झालेली आजी यात बसत नाही. त्यामुळे अशी कुटुंबं उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जातात. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच अवस्थेतल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं. न्यायालयं अशा अर्जांकडे सहानुभूतीनं पाहतात, हा माझा अनुभव. पण वेळ जातो, आणि ३१ जुलैपर्यंत आदेश हाती पडेल असं मी सांगू शकत नाही. फक्त एका रिटर्नसाठी उच्च न्यायालयात जाऊही नका. एफडी आणि घर अडणार असेल तर जा, मग रिटर्नचं कामही त्यातच होऊन जाईल.

समजा अर्ज मंजूर झाला नाही आणि ३१ जुलै निघून गेली. बिघडलं किती? हे आकडे मांडल्याशिवाय माणसाचा जीव थाऱ्यावर येत नाही, म्हणून मांडतो.

पेन्शन आणि व्याज मिळून ११,००,०००. नव्या करप्रणालीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट, उरले १०,२५,०००. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यानं कलम ८७अ ची सूट मिळून कर शून्य. कर शून्य, म्हणून उशिराचं दरमहा एक टक्का व्याजही शून्य. अग्रिम कराचा, म्हणजे वर्षाच्या आतच हप्त्यांनी भरायच्या कराचा, प्रश्नच नाही, कारण धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला तो भरावाच लागत नाही. राहिली कलम २३४फ ची उशिराची फी, ५,०००. बँकेनं कापलेला टीडीएस परत मिळायचा आहे, त्या रिफंडमधून ती वळती होईल. २६,००० ऐवजी २१,००० येतील.

खरं नुकसान त्या १,४०,००० च्या तोट्यात आहे. तो पुढच्या आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर धरला तर तो तोटा फार तर २८,००० रुपये वाचवतो. वडिलांच्या नावावर आणखी फंड आहेत आणि ते नफ्यात आहेत असं असेल तर हा आकडा खरा. दुसरं काहीच नसेल तर हा तोटा पुढे नेऊनही हाती काही लागणार नाही, आणि मग तुमची ३१ जुलैची धास्ती पाच हजारांचीच आहे.

(तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या पण जास्त उत्पन्नाच्या घरांना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. पेन्शनरला जुनी करप्रणाली निवडायची असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. उशीर झाला की नवी प्रणालीच. आजारपणाच्या वर्षात ठरावीक गंभीर आजारांच्या खर्चासाठी ८०डीडीबीचे एक लाख, आरोग्य विम्यासाठी ८०डीचे ५०,०००, ठेवींच्या व्याजाचे ८०टीटीबीखालचे ५०,००० या वजावटी जुन्यातच मिळतात. उत्पन्न १२ लाखांच्या वर असेल तर दोन्ही हिशोब करून पाहा, तिथे ३१ जुलै खरोखर महागात पडू शकते.)

तुमच्यासाठी जी तारीख खरंच चुकवायची नाही ती ३१ डिसेंबर. उशिराचं रिटर्न तोपर्यंतच भरता येतं. त्यानंतरही, कर निर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत, 'अपडेटेड' रिटर्न भरता येतं असं तुम्हाला कुणी सांगेल. ते खरं आहे, पण त्या रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही, ते जादा कर भरणाऱ्यांसाठी आहे. ३१ डिसेंबर गेली तर २६,००० साठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज हाच मार्ग उरतो.

त्या अर्जाची तयारी मात्र आत्तापासून करून ठेवा, गरज पडो न पडो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार रिफंड आणि तोटा पुढे नेण्याचा दावा, दोन्हींसाठी विलंब माफ करता येतो. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो, आणि एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयकर आयुक्त घेतात. मुख्य निकष हा, की अडचण खरी होती का. म्हणून मुदतीच्या आधीच आपल्या वॉर्डाच्या निर्धारण अधिकाऱ्याला एक साधं पत्र द्या. वडील कधीपासून बेशुद्ध, प्रतिनिधी नोंदणीचा अर्ज कधी केला, त्याचा पोचक्रमांक, डॉक्टरांचा दाखला, आणि मंजुरी मिळताच रिटर्न भरू असं आश्वासन. आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. पोर्टलवर तक्रारही नोंदवा. उद्या आयुक्तांसमोर बसाल तेव्हा 'आम्ही गडबडीत होतो' या तोंडी सांगण्यापेक्षा जुलैच्या शिक्क्याचा तो एक कागद जास्त काम करतो.

प्रतिनिधी झाल्यावर त्यांच्या कराची जबाबदारी माझ्या अंगावर येईल का, अशी भीती बहुतेकांना वाटते. जबाबदारी प्रतिनिधी या नात्यापुरती आणि त्यांच्या मालमत्तेतून. तुम्ही पदरचे भरलेत तर ते त्यांच्या पैशांतून वसूल करायचा हक्क कायद्यानं तुम्हाला दिला आहे. पावत्या मात्र वेगळ्या फाइलला लावा.

ईश्वर न करो, पण मधल्या काळात वडील गेले तर प्रतिनिधी म्हणून सुरू केलेलं काम तिथेच थांबतं. मग मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा देऊन पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची आणि कलम १५९ खाली रिटर्न वारसानं भरायचं. आणि ते शुद्धीवर आले, समजू बोलू लागले, तर उत्तमच, मग त्यांचं ते भरतील.

बँकेचंही पाहा. रिफंड वडिलांच्याच खात्यावर येणार. खातं आईबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येणारं, असेल तर प्रश्न नाही. एकट्यांचं असेल तर शाखा व्यवस्थापकाला भेटा. आजारी खातेदारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: अंगठा उठत असेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, तो अंगठा चालतो. हाताचा नसेल तर पायाचाही चालतो. अंगठा उठवणंच शक्य नसेल तर साक्षीदारांसमोर कागदावर खूण घेतात. पण ही सोयसुद्धा समज शाबूत असलेल्यांसाठी आहे. बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर टेकवून घ्यायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

ज्यांच्या घरात डिमेन्शियाची नुकती सुरुवात आहे, त्यांनी हे वाचून हातावर हात ठेवून बसू नये. चांगल्या दिवसांत माणूस व्यवहार करू शकतो, करार कायद्याचं कलम १२ तेच सांगतं. त्या दिवशीच डॉक्टरांकडून 'समज शाबूत आहे' असा दाखला घेऊन खाती जोडनावावर करा, नामनिर्देशन तपासा, पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये दुय्यम मोबाइल आणि ईमेल म्हणून मुलाचा किंवा मुलीचा टाका, म्हणजे नोटीस आली तर ती कुणीतरी वाचेल. वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल आणि फक्त पेन्शन व त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर बँकेला त्यासाठीचा ठरलेला फॉर्म द्या (१९६१ च्या कायद्यात तो १२बीबीए होता). कर बँकच कापते, रिटर्न भरावंच लागत नाही. ८० किंवा त्याहून जास्त वयाच्यांना साधं रिटर्न अजूनही कागदावर भरता येतं.

ताई, या आठवड्यात एवढं करा. दाखला घ्या, संमतीपत्रावर सह्या घ्या, तुमच्या लॉगिनमधून अर्ज टाका. वडिलांच्या फोनचं रिचार्ज संपू देऊ नका, तो नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला आहे. आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो चुकला तर पेन्शन थांबतं आणि रुग्णालयाचं बिल त्याच पेन्शनवर चाललेलं असतं. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरसाठी घरी येऊन हयातीची नोंद करून घ्यायची काय सोय आहे, ते बँकेत ऑक्टोबरमध्येच विचारा.